सटवाईचा पेनड्राइव्ह

माझ्या पाचवीला आजीनं पाटा-वरवंटा मांडून त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी कोरा कागद आणि शाईचं पेन ठेवलं. रात्री सटवाई येणार, बाळाच्या कपाळी पुढचं सगळं लिहून जाणार. ऐन वेळी पेनावाचून तिचा खोळंबा नको. सकाळी कागद कोराच निघाला, असं आई सांगते. बाई थेट कपाळावर लिहीत असल्यामुळे त्यात नवल नाही. तिनं काय लिहिलं ते मला मात्र पंचविशी उलटल्यावर वाचता आलं : ‘हा नातेवाइकांचे कंप्युटर फॉरमॅट करील.’

कुणाच्या पाचवीला दारिद्र्य पुजलेलं असतं, कुणाच्या आजारपण. माझ्या पाचवीला विंडोज एक्सपी पुजलेलं होतं. लग्नाला जा, बारशाला जा, तेराव्याला जा, पान वाढायच्या आत कुणीतरी खांद्यावर हात ठेवून ‘जरा आत ये रे’ म्हणायचं. आतल्या खोलीत टॉवेल पांघरून तो बसलेला असायचा. ‘हल्ली फार स्लो झालाय.’ एवढं ऐकलं की मी खिशातून सीडी काढायचो. डॉक्टर बॅग घेऊन फिरतात तसा मी सीडी घेऊन फिरत असे.

एक्सपीची सीडी घातली की थोड्या वेळानं डाव्या बाजूला आकडा यायचा : अजून अंदाजे ३९ मिनिटं. हा आकडा पाहून अनेक भली माणसं फसली आहेत. आपण म्हणावं, चला, तोवर पंगत उरकून घेऊ. मठ्ठ्यापर्यंत जाऊन, हात धुऊन, विडा तोंडात टाकून परत यावं, तर आकडा तिशीतच थिजलेला आणि मधोमध एक चौकट : तुमची भाषा कोणती, प्रदेश कोणता? ते सांगितलं की नाव विचारणार. मग पाच-पाचच्या पाच गटांतली पंचवीस अक्षरांची किल्ली, जी कॅबिनेटच्या कुशीवर चिकटवलेल्या, निम्म्या पुसलेल्या कागदावरून वाचायची. तो ‘बी’ आहे की ‘आठ’ आहे, यावर घरात दोन तट पडायचे. मग पासवर्ड. मग घड्याळ. सगळे प्रश्न एका दमात विचारले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण हा गडी दर पाच-दहा मिनिटांनी मांडवातल्या जावयासारखा रुसून बसायचा आणि समजूत काढायला माणूस समोर हजर लागायचा. त्या काळात मी जिलबी गरम अशी कधी खाल्लीच नाही.

प्रश्न यायच्या आधीच उत्तरं लिहून ठेवता येतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आणि तेही असं, की ही विद्या फार जुनी आहे, फक्त आमच्या नातेवाइकांपर्यंत पोचलेली नव्हती. त्याच एक्सपीला फ्लॉपीवर एक छोटी उत्तरांची फाइल दिली की तो तोंडातून ब्र न काढता उभा राहायचा. पुढच्या विंडोजना एक्सएमएलमधली ‘ऑटोअनअटेंड’ नावाची फाइल पेनड्राइव्हवर वरच्या वर टाकून ठेवली की पुरतं. त्या ती हुंगत येतात. सन कंपनीच्या सोलारिसला याच कामासाठी ‘जंपस्टार्ट’ होतं, आणि रेड हॅटवाल्यांनी आपल्या सोयीला नाव दिलं ‘किकस्टार्ट’. ते नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी आमच्या काकांची बजाज स्कूटर पाहिलेली नसावी. किक मारण्याआधी तिला एका कुशीवर कलती करावी लागे, मग सरळ, मग पुन्हा कलती, आणि एवढं करून किक बसली तरी ती ‘स्टार्ट’ होईलच असं नसे. रेड हॅटचा इन्स्टॉलर, ज्याचं नाव ॲनाकोंडा, तो त्या मानानं सज्जन. काम संपलं की आपण दिलेली सगळी उत्तरं एका फाइलीत लिहून मागे ठेवतो. माणसाला जन्मतःच स्वतःची पत्रिका हातात मिळावी, तसं.

माझा जीव मात्र डेबियनवर. तिथं या प्रकाराला ‘प्रीसीड’ म्हणतात. आधीच पेरून ठेवणं. पेरणी हा शब्द मला भावला, कारण माझं आजोळ माण तालुक्यातलं. तिथं पेरणी सगळ्यांना येते. उगवण्याची खात्री कुणी देत नाही.

तर, मामाचा फोन आला.

‘भाच्या, शाळेला बावीस कंप्युटर मिळालेत.’

‘वा!’

‘एका कंपनीनं दिलेत. वापरलेले हायत, पण चांगले हायत. फक्त त्यात काही नाही.’

‘काही नाही म्हणजे?’

‘म्हणजे चालू केले की काळा पडदा येतो. मुख्याध्यापक म्हणाले, आत जे असतं ते काढून घेऊन दिलेत. मी म्हटलं, घाबरू नका, आपला भाचा आत टाकील.’

पंधरा ऑगस्टला उद्घाटन ठरलेलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. माझ्या होकाराची वाट कुणी पाहिली नव्हती. तो आधीच पेरलेला होता.

बावीस यंत्रांपुढे बसून भाषा, देश, कीबोर्ड, नाव, पासवर्ड, तोच पासवर्ड पुन्हा, डिस्कचे तुकडे कसे पाडू, खरंच पाडू का, कोणती सॉफ्टवेअरं घालू, कोणती वापरता त्याची माहिती आम्हाला कळवाल का, एवढ्याची उत्तरं देत बसलो असतो तर स्वातंत्र्यदिन सोडाच, प्रजासत्ताकदिन उजाडला असता. मी घरीच फाइल लिहायला घेतली.

प्रीसीडच्या फाइलीतली ओळ चार पदांची असते. प्रश्न कुणाचा, प्रश्न कोणता, उत्तर कोणत्या जातीचं आणि उत्तर काय. जात म्हणजे शब्द आहे की हो-नाही आहे की यादीतून निवडायचं आहे, एवढंच. यात गैरसमज नको. देश भारत. कीबोर्ड अमेरिकन, कारण आपण सगळे वापरतो तो तोच. वेळ ‘एशिया/कोलकाता’. सबंध भारताचं घड्याळ इथं एकट्या कोलकात्याच्या मनगटावर आहे. विंडोजनं निदान चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली अशी चौघांत वाटणी केली आहे. पुण्याचं नाव दोन्हीकडे नाही, पण त्यावर पुण्यात पुरेसं बोलून झालेलं आहे.

या फाइलींच्या दुनियेत शास्त्र फार कडक. ढगातल्या भाड्याच्या सर्व्हरांना पहिल्या श्वासाबरोबर कामाला लावणारं ‘क्लाउड-इनिट’ नावाचं एक प्रकरण आहे. त्याच्या फाइलीत पहिल्या ओळीवर ‘#क्लाउड-कॉन्फिग’ असं लिहावं लागतं, अर्थात इंग्रजीत. दिसायला ती नुसती टीप, पण ती नसेल तर खालची शंभर ओळींची फाइल तो फाइल म्हणून मोजतच नाही. आमचे आजोबा माथ्यावर ‘श्री’ नसलेलं पत्र वाचायला घेत नसत, त्याची आठवण होते. आणि रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कंप्युटरानं तर माझ्या आजीला खरं ठरवलं. त्याला दुरून लॉगिन करू द्यायचं असेल तर त्याच्या कार्डावर ‘एसएसएच’ नावाची एक फाइल ठेवायची. फाइलीत काय लिहायचं? काही नाही. रिकामी फाइल. पहिल्यांदा सुरू होताना तो ती पाहतो, दार उघडतो आणि फाइल पुसून टाकतो. पाटा-वरवंट्याशेजारचा कोरा कागद! सकाळी आई शोधते तर कागदही नाही.

आता प्रश्नांचं. डेबियनला प्रश्न विचारायची हौस फार, पण तो प्रत्येक प्रश्नाला पायरी लावून ठेवतो. साधा, मधला, महत्त्वाचा आणि ज्याच्यावाचून गाडं अडेल असा. आपण सुरुवातीलाच ‘फक्त गाडं अडेल असं असेल तरच विचार’ असं बजावू शकतो. हे बजावणं माणसांच्या बाबतीत कुठं करता येईल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आणखी एक गंमत आहे. उत्तर आधी भरून ठेवायचं, पण प्रश्न तरी विचारायचा, अशीही सोय आहे. उत्तरापुढे ‘हे अजून पाहिलेलं नाही’ अशी खूण करायची, म्हणजे प्रश्न येतो आणि आपलं उत्तर त्यात आधीच टिंब देऊन बसलेलं असतं. ही सोय ज्यानं काढली तो माझ्या मामीच्या हातचं जेवलेला असणार. मामी ‘पोळी वाढू का?’ असं विचारते तेव्हा पोळी ताटात असते. तुपाची धारही पडलेली असते. प्रश्न रीत म्हणून येतो, आपण मान्यता द्यायची.

मी रीतही ठेवली नाही. डिस्क पुसू का, हे डेबियन तीन-चार ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत विचारतो. शुभमंगल म्हणताना दरवेळी ‘सावधान’ म्हणतात, तसं. सगळीकडे मी आगाऊ ‘हो’ लिहून टाकलं. सुरुवातीच्या यादीपुढे तो एंटरची वाट पाहत थांबतो, तिथं तीन सेकंदांची मुदत घातली. आणि सगळ्यात शेवटी एक सूचना येते, झालं हो, आता पेनड्राइव्ह काढून घ्या आणि एंटर दाबा, तीही मी गप्प केली. एंटर दाबायला तरी कोण बसणार? घरच्या लॅपटॉपमध्ये लुटुपुटूच्या यंत्रावर दोनदा चालवून पाहिलं. अगदी लोण्यात सुरी. मी तीन पेनड्राइव्ह तयार केले, त्यांना ओळखू यावेत म्हणून बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि तेरा तारखेच्या दुपारच्या एसटीनं निघालो.

संध्याकाळी शाळेत पोचलो तेव्हा बावीस यंत्रं भिंतीकडेनं मांडलेली होती. प्रत्येकावर हळदकुंकू. तिघांना लाल ठिपक्याचे पेनड्राइव्ह लावले, सुरू केलं, तीन पडद्यांवर अक्षरं भराभरा वाहायला लागली. मुख्याध्यापक सर हात बांधून उभे होते.

‘आता काय करायचं?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून मी तीन रात्री घालवल्या होत्या. ‘आता घरी जाऊन जेवायचं.’

सकाळी सहाला येऊन पाहतो तो तिन्ही पडद्यांवर पट्टी चाललेलीच. एक त्रेचाळीस टक्क्यांवर, एक अकरावर, एक नुकतंच भाषा ठरवत होतं. वीस मिनिटांचं काम रात्री नऊला लावलेलं. शाळेचे शिपाई दारात तोंड धूत होते.

‘साहेब, रातभर चालू होतं बरं का. पट्टी भरायची, अंधार व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, असंच असतंय.’

असंच असतं, पण असं असू नये. या यंत्रांना सुरू होताना आधी पेनड्राइव्ह बघायची सवय लावलेली होती. डेबियन बसला, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, डोळे उघडले तर समोर पेनड्राइव्ह. तीन सेकंद वाट पाहिली, कुणी काही बोलेना. मग डिस्क पुसली आणि पुन्हा जन्म घेतला. म्हणूनच तो बिचारा शेवटी हात जोडून सांगत होता की पेनड्राइव्ह काढा. मी त्याचं तोंड बांधलेलं. एका जन्माला वीस मिनिटं धरली तर रात्री नऊ ते सकाळी सहा सत्तावीस जन्म झाले. सत्तावीस नक्षत्रांवर एकेक. तिघांचे मिळून एक्क्याऐंशी. आमच्याकडे दुबार पेरणीचं संकट आलं की माणसं डोक्याला हात लावतात. मी एका रात्रीत सत्ताविसावी उरकली होती.

मुख्याध्यापकांना मी ‘रात्रभर टेस्टिंग ठेवलं होतं’ असं सांगितलं. ते प्रभावित झाले.

तिघांना हातानं थांबवून नीट जन्म दिला, तर दुसरं ध्यान पुढे आलं. राउटरच्या यादीत तिघांचं नाव एकच. ‘संगणक-०१’, ‘संगणक-०१’, ‘संगणक-०१’. फाइलीत मी नाव एकदाच लिहिलं होतं आणि एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर उतरवलं होतं. बावीस झाले असते तर वर्गात बावीस ओंकार आणि आडनाव कुणालाच नाही. यावर उपाय मात्र मला आवडला. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच बारा आकडी-अक्षरी क्रमांक घातलेला असतो, पहिले सहा बनवणाऱ्याचे, पुढचे सहा त्या नगाचे. लग्नात आलेल्या पितळी डब्यावर ‘चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट’ असं कोरलेलं असतं ना, तसं. डबा कुणाच्याही घरी जावो, नाव जात नाही. मी फाइलीच्या तळाशी एक ओळ वाढवली : सगळं झालं की जाता जाता कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघ आणि तेच नावाला जोड. यजमानाच्या घरून निघताना जावयाच्या हातात काहीतरी कोंबतात, तशी ही शेवटची ओळ. डेबियनमध्ये तिला ‘लेट कमांड’ म्हणतात आणि सगळे तिच्यात वाटेल ते कोंबतात. पेनड्राइव्ह काढा ही सूचनाही परत घातली.

एवढ्यात सर म्हणाले, ‘साहेब, पासवर्ड आपल्या शाळेचा ठेवता येईल का? मी विचार करून ठेवलाय. इंग्रजी अक्षरांत ‘विद्या’ आणि पुढे स्थापनेचं साल.’

कल्पना चांगली होती. मामी तिकडून जेवायला चला म्हणून दोनदा फोन करून चुकली होती. मी उभ्या उभ्या फाइल उघडली, जुना पासवर्ड खोडला, नवा लिहिला. पासवर्ड दोन ओळींत द्यावा लागतो, एकदा मूळ आणि एकदा पडताळणीसाठी. माणसानं टंकताना चूक केली तर दोन्ही जुळत नाहीत आणि चूक पकडली जाते. फार शहाणी पद्धत आहे. मी पहिल्या ओळीतलं उत्तर उचललं आणि दुसरीत चिकटवलं.

तपासून पाहिलं का? बदल केल्यावर आधी एका यंत्रावर तपासावं, हे मी आठवड्यातून पाच दिवस इतरांना पगार घेऊन सांगतो.

चौदा तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत बावीसच्या बावीस तयार. नावं वेगवेगळी, वेळ कोलकात्याची, पडद्यावर लॉगिनची चौकट. खिडक्यांच्या गजांना पोरं लटकलेली. मी पहिल्या यंत्रापुढे बसून ऐटीत पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. चुकला. कॅप्स लॉक पाहिलं. दुसऱ्या यंत्रावर, तिसऱ्यावर, बाविसाव्यावर. आपल्या हातानं बावीस घरं बांधली, बावीस कुलपं लावली आणि किल्ली कुणाकडेच नाही. मुख्याध्यापक म्हणाले, ‘टेस्टिंग का?’

मी लॅपटॉपवर फाइल उघडून पासवर्डाची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. शब्द बरोबर, साल बरोबर. पाठीमागे श्वासाचा आवाज आला. सातवीतली एक मुलगी, दोन वेण्या, हातात रांगोळीचा डबा, माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

‘सर, इथं दोन बोटं जागा सोडलीय.’

‘कुठं?’

‘इथं.’ तिनं रांगोळीनं भरलेलं बोट पडद्यावर टेकवलं. ‘बाकी सगळीकडे एकच बोट सोडलीय. बाई म्हणतात, दोन शब्दांत एकच बोट जागा सोडायची.’

डेबियनच्या पोथीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. उत्तराची जात आणि उत्तर यांच्यामध्ये जागा एकच सोडावी. जास्तीची सोडाल तर ती उत्तराचाच भाग समजली जाईल. मी ते कितीदा तरी वाचलं होतं. पहिल्या ओळीत जास्तीच्या स्पेससकट पासवर्ड लिहिला आणि चिकटवताना स्पेससकटच चिकटवला, त्यामुळे पडताळणीत दोन्ही चुका एकमेकींना जुळल्या. बावीस यंत्रांच्या कपाळी शाळेचं नाव आणि त्याआधी एक न दिसणारं रिकामं अक्षर. मी स्पेस मारली, पासवर्ड टाकला, एंटर. उघडलं. गजांवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सटवाईनं लिहिलेलं पुसता येत नाही, पण पासवर्ड बदलता येतो. एकेका यंत्राला मिनिटभराचं काम. मी तसं म्हणालो, तर सरांनी हात आडवा केला.

‘राहू द्या हो. उलट चांगलंय. चोराला काय कळणार पहिलं अक्षर कोरं आहे म्हणून?’ आणि चोराला अजिबात कळू नये अशा बेतानं त्यांनी खडू घेऊन फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : ‘पासवर्ड – आधी मोकळी जागा, मग शाळेचा शब्द.’ पोरांकडून ते तीनदा म्हणून घेतलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, भाषणं झाली, पाहुण्यांनी दारात नारळ फोडला. फेटा बांधलेले पाहुणे पहिल्या यंत्रापुढच्या खुर्चीत बसले. सरांनी कानात शब्द सांगितला. पाहुण्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, मोठ्या कष्टानं तो टाकला आणि एंटर दाबलं. चौकट थरथरली आणि रिकामी झाली. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. फोटोग्राफर खोळंबला. तेव्हा मागे दाटीवाटीनं उभ्या असलेल्या सबंध सातवीनं एका सुरात सांगितलं :

‘आधी मोकळी जागा!’

पाहुणे दचकले, फेटा सावरत खुर्चीतून उठले आणि जागा मोकळी करून भिंतीशी उभे राहिले.